डावीकडची सीट

१

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. एकोणीस वर्षं शिकवत होते आणि एकोणीसही वर्षं गाडीत डावीकडे बसत होते. उजवीकडे शिकाऊ माणूस, डावीकडे मास्तर, आणि मास्तरांच्या पायाशी जादा क्लच, जादा ब्रेक. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत. त्याबरोबर त्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जाई आणि तो दचकून त्यांच्याकडे बघे. मग मास्तर खेकसत. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण गोड बोलणं हा काही त्यांचा प्रांत नव्हे.

गाडी एकच, शिकवणीची म्हणा की घरची म्हणा. कुठे जायचं तर बायको चालवायची, मास्तर सवयीनं डावीकडे, आणि मागे पंत. पंत म्हणजे त्यांचा कुत्रा. भव्य कपाळ, चालताना पोट सांभाळत चालायचं, म्हणून पिल्लू असतानाच हे नाव पडलं आणि तेव्हापासून घरात त्याला अहोजाहो होतं. पंत मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत आणि हनुवटी मास्तरांच्या खांद्यावर टेकवत. नऊ वर्षं हाच रिवाज. मास्तरांच्या प्रत्येक शर्टाच्या खांद्यावर एक फिकट डाग होता. बायकोनं कितीही घासला तरी तो निघत नसे, आणि तो निघू नये असंच मास्तरांना मनातून वाटे.

कारण त्यांचा स्वभाव. पंतांनी दूधवाल्यापुढे शेपूट हलवली तरी मास्तरांच्या पोटात दुखे. बायकोच्या हातून पंतांनी बिस्कीट खाल्लं की मास्तर लगेच खिशातून दुसरं काढत. "अहो, त्यांना आपण दोघंही चालतो," बायको हसून म्हणायची. दोघंही चालणं मास्तरांना मंजूर नव्हतं. बायकोच्या बाबतीतही तेच. तिची थोरली बहीण आठवड्यातून दोनदा फोन करायची आणि दोघी तास तास बोलायच्या. चार वर्षांपूर्वी मास्तर त्यावरून त्या बहिणीला असं काही बोलले की तिनं फोन करणंच सोडलं. बायको दोन दिवस गप्प राहिली, मग पुन्हा शिवणाच्या मशीनवर बसली. मास्तरांना वाटलं, मिटलं. मूलबाळ नव्हतं. बायको आणि पंत हे दोनच जीव त्यांचे होते, आणि त्यात वाटेकरी त्यांना खपत नसे.

२

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलनं दुसऱ्या गावात शाखा काढली आणि ती मास्तरांच्या हवाली केली. तिथे तीन खोल्यांचं बैठं घर मिळालं. सामानाच्या टेम्पोतून बायको पुढे गेली, कारण शिवणाचं मशीन कोणाच्या भरवशावर सोडायला ती तयार नव्हती. पंतांना घेऊन मास्तर मागून निघाले. पंत गाडीत असताना मास्तर स्टिअरिंगवर बसले, असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

पंत नेहमीसारखे मागे डावीकडे बसले. गाडी गावाबाहेर पडली तशी त्यांनी हनुवटी उचलली आणि पुढच्या रिकाम्या सीटच्या खांद्यावर ठेवली.

"पंत, मी इकडे आहे," मास्तर म्हणाले.

पंतांनी डोळे वळवून त्यांच्याकडे पाहिलं. शिकाऊ माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. मास्तरांना हसू आलं आणि जरा लागलंही. सवय हो, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एका हातानं त्यांनी आपला खांदा थोपटून दाखवला. पंत हलले नाहीत.

रस्ता सरळ होता, ऊन स्वच्छ होतं. तासाभरानं एका वळणाआधी मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक खाली गेला.

त्यांनी दाबला नव्हता. पाय नुसता टेकलेला होता आणि पायाखालून पेडल अलगद, सावकाश खाली गेलं. हिसका नाही, कर्कश आवाज नाही. गाडी थांबली आणि त्याच क्षणी कुंपणाआडून एक लांबलचक ट्रक उलटा रस्त्यावर आला. मध्ये जेमतेम दोन हात अंतर उरलं असेल.

शेकडो लोकांनी त्यांना सांगितलं होतं, मास्तर, तुम्ही ब्रेक मारलात की पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं हो. ते काय म्हणत होते ते मास्तरांना आज कळलं. शिवाय आणखी एक गोष्ट कळली, आणि ती त्यांना सहन होईना. ब्रेक फार सुरेख मारला होता. त्यांना स्वतःला इतका मऊ कधी साधला नव्हता.

मागे सीटवर पंतांची शेपूट आपटत होती. टप, टप, टप.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि वाकून पाहिलं. निघताना बुटांची पिशवी त्यांनी घाईत डाव्या बाजूला पायाशी टाकली होती. ती पेडलवर घसरली असणार. पण पायाशी काही नव्हतं. पिशवी मागे, सीटखाली, तोंड बांधून नीट ठेवलेली होती. पेडलजवळ सुटं सामान ठेवायचं नाही, हा धडा ते पहिल्याच दिवशी शिकवत. आपणच ठेवली असेल मागे, ते पुटपुटले, आणि उरलेला रस्ता त्यांनी डावीकडे एकदाही न बघता कापला.

३

नव्या घरापुढे गाडी लागली. टेम्पो रिकामा होऊन गेला होता. मास्तरांनी मागचं दार उघडलं, पण पंत उतरेनात. तोंड पुढच्या डाव्या दाराकडे करून, कान टवकारून ते बसून राहिले. गाडीतून आधी मास्तर उतरायचे आणि मग आपण, हा पंतांचा शिरस्ता होता.

"अहो पंत, मी उतरलोय. हा काय उभा आहे!"

पंत ढिम्म. शेवटी मास्तर वैतागले. वळसा घालून गेले, पुढचं डावं दार सताड उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "उतरा साहेब. घर आलं आपलं."

थट्टा केली होती हो. दार उघडं धरून ते क्षणभर तसेच वाकून राहिले. गाडी किंचित हलली, एखादं माणूस उतरल्यावर हलते तशी. पंतांनी टुणकन उडी मारली आणि शेपूट उभारून, मास्तरांच्या पायाला साधं नाकही न लावता, ते घरात पळाले. आतून बायकोचा आवाज आला, "आलात? बरं झालं बाई!"

मास्तर दार धरून अजून बाहेरच उभे होते.

४

पंत आता मास्तरांच्या पलंगाशी झोपेनात. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, खोकी ठेवायची. तिथे खिडकीपाशी एक स्टूल होतं आणि पंतांनी त्या स्टुलाशी मुक्काम ठोकला. बिस्कीट दाखवलं की येत, बिस्कीट घेत, आणि तोंडात धरून परत जात. मास्तर दारात उभे राहून बघत बसत. नवी जागा आहे, बावरलेत, असं ते बायकोला सांगत. पण बावरलेला कुत्रा इतका तृप्त दिसत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं.

एका सकाळी ते दाढी करत होते. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. मागच्या खोलीतून शेपटीचा आवाज आला. टप, टप, टप. हा ठेका मास्तर ओळखत होते. कामावरून परत आले की दारातच हा ठेका त्यांना ऐकू यायचा, फक्त त्यांना. तोंडाला साबण तसाच ठेवून ते गेले. पंत स्टुलापुढे बसले होते आणि मान वर करून, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, मोठ्या मायेनं बघत होते. स्टूल रिकामं होतं. मास्तरांची चाहूल लागली तशी पंतांनी मान वळवली. शेपूट थांबली.

त्यांनी स्टूल उचलून अंगणात नेऊन टाकलं. संध्याकाळी ते पुन्हा खिडकीपाशी होतं. "तुम्हीच तर आत आणलंत," बायको म्हणाली.

५

खरी चूक मास्तरांनी त्या आठवड्यात केली.

संध्याकाळी घरी आले तर बायकोनं दारातच हसून स्वागत केलं. "पडद्याचा दांडा काय झकास बसवलात हो! मी म्हणायच्या आत!"

दांडा खरंच बसवलेला होता. सरळ, घट्ट, भिंतीला एक ओरखडा नाही. मास्तर दिवसभर चौकात एका दाताच्या डॉक्टरीणबाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. दांड्याला त्यांनी हात लावला नव्हता. सुतार येऊन गेला असेल, तिचा काही घोटाळा होत असेल, असं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण बायको त्यांच्याकडे बघत होती. कित्येक वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. ती नजर सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं.

"हो," मास्तर म्हणाले. "म्हटलं, टाकू करून."

एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मग गळका नळ नीट झाला, त्याचंही श्रेय त्यांनी घेतलं. मशीनचा पट्टा बदलला गेला, तोही त्यांनीच बदलला होता म्हणे. रोज संध्याकाळी ते नवं कौतुक गिळत आणि रोज ते घशात अडकत असे. कोणीतरी त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसाठी, त्यांच्या नावानं राबत होतं, आणि ते तिला सांगायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती.

एके दिवशी तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. डोळे ओले होते.

"ताईला फोन केला मी. तुम्ही म्हणालात तसा."

"मी म्हणालो?"

"परवा दुपारी नाही का? मशीनशेजारी बसून होतात तेव्हा. चूक माझीच होती म्हणालात. तिला सांग, म्हणालात." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "चार वर्षं वाट बघितली हो मी हे ऐकायची."

मास्तर म्हणाले, "हं."

चहावर साय धरली तरी ते तसेच बसून होते. परवा दुपारी त्यांच्या गाडीत तीन माणसं शिकत होती. तिच्या शेजारी कोण बसलं होतं? तिनं त्याला आणखी काय काय सांगितलं? आपल्याला जे चार वर्षांत कधी सुचलं नाही ते त्याला दोन आठवड्यांत कसं सुचलं? मास्तरांना भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती नुसती जळफळ, छातीपासून कानांपर्यंत.

६

शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहत. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांना फाटकापाशी गाठलं आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "काका, दुपारी आमच्याकडे कोणी पाहुणे येतात का हो?"

"पाहुणे? नाही बुवा. तुम्हीच असता की."

"मी दुपारी कामावर असतो."

काका हसले. "मग पंतांना फिरवायला तुमचा भाऊ येतो का? परवा गुडघ्यासाठी तेल सांगितलंत मला. चांगला गुण आला हो." मग त्यांनी चष्मा वर केला आणि मास्तरांकडे निरखून पाहिलं. "मात्र आज तुमची तब्येत ठीक दिसत नाही. दुपारी कसे प्रसन्न असता. आत्ता ओळखू आला नाहीत पटकन."

काकांचा चष्मा जाड आहे, मास्तरांनी मनाशी म्हटलं. कोणीतरी आपल्यासारखा दिसणारा भामटा असेल, आणि काका म्हातारे. बायकोचा चष्मा मात्र जाड नव्हता. आणि पंतांचं नाक तर शाबूत होतं. या दोन गोष्टींपाशी त्यांची अक्कल थांबायची आणि तिथून मागे फिरायची.

७

सुटीच्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "जरा ऑफिसात जाऊन येतो. चालतच जातो. गाडी राहू दे."

"बरं, पण वेळेवर या," बायको म्हणाली. "बाहेर जायचं ठरलंय ना आपलं?"

त्यांच्याशी काही ठरलं नव्हतं. ते "हो" म्हणाले. निळ्या चौकड्यांचा शर्ट शोधला, तो मिळाला नाही, म्हणून दुसरा घालून निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी लाँड्रीत जाऊन उभे राहिले. लाँड्रीवाला इस्त्री फिरवत होता. मास्तर दोनदा त्याच्याकडे कपडे देऊन गेले होते, त्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली आणि काचेआडून घराकडे नजर लावली. आज त्याला पकडायचाच. कोण असेल तो असो, कॉलर धरून विचारायचं, माझ्या घरात तुझं काय आहे?

पाव तासात गाडी फाटकाबाहेर आली. बायको चालवत होती. गाडी त्यांच्या समोरून, अगदी सावकाश, वळणावर आली. पुढच्या काचेवर ऊन होतं आणि डावीकडच्या खिडकीतून एवढंच दिसलं: निळ्या चौकड्यांची बाही, खिडकीवर टेकलेलं कोपर, आणि दाराच्या पत्र्यावर ताल धरणारी चार बोटं. खांद्यावर पंतांची हनुवटी होती. बायको मान मागे टाकून हसत होती. ती असं हसते हे मास्तर विसरून गेले होते.

पंतांनी काचेकडे पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं. मग नजर पुढे गेली, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसावरून जाते तशी.

लाँड्रीवाल्यानं गाडीकडे बघून हात वर केला. "नमस्कार मास्तर!" गाडी वळून गेली. तो वळला आणि त्याला शेजारी उभे असलेले मास्तर दिसले. मास्तरांना वाटलं, आता हा दचकेल, आता ओरडेल.

"बोला," लाँड्रीवाला म्हणाला. "कपडे टाकायचेत? नवीन आलात वाटतं इकडे?"

८

मास्तर घरी आले. किल्ली लागली, याचाच त्यांना केवढा आधार वाटला. कडी लावून ते बैठकीतल्या खुर्चीत बसले. पळायचं कुठे, आणि का? घर त्यांचं होतं, बायको त्यांची होती. ती परत येईल, दारात त्यांना बघेल, मग शेजारच्याकडे बघेल, आणि मग काय तो निकाल लागेल. आपल्या बायकोला आपला नवरा कळणार नाही? तिला एखादी खूण सांगितली की झालं. मास्तर खूण शोधू लागले.

पडद्याचा दांडा समोरच होता. तो मी बसवला, असं सांगता आलं असतं. नळ थेंबभरही गळत नव्हता. मशीनचा नवा पट्टा चकचकत होता. ताईचा फोटो, जो चार वर्षं कपाटात होता, तो भिंतीवर आला होता आणि तो कधी आला हे मास्तरांना माहीत नव्हतं. ते उठून खोल्याखोल्यांतून फिरले. स्वयंपाकघरात दोन कप पालथे घातलेले होते, अजून ओले. मागच्या खोलीत पंतांचं अंथरूण झटकून घातलेलं होतं. या घरात चांगलं म्हणून जे काही होतं ते सगळं त्यानं केलेलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला मास्तर "हो, मीच" म्हणून मोकळे झाले होते. त्यांचं स्वतःचं असं काय होतं? एक गोष्ट आठवली: ताईला बोललेले शब्द. ते मात्र त्यांचे होते, अक्षर न् अक्षर. तेवढी एक खूण तिला पटली असती.

बाहेर गाडी आली. बायकोनं वळण सफाईनं घेतलं. ब्रेक इतका मऊ लागला की इंजिन बंद झाल्यावरच गाडी थांबल्याचं कळलं. आधी एक दार वाजलं, मग दुसरं. पायऱ्यांवर पंतांच्या नखांचा आवाज आला आणि उंबऱ्यापाशी थबकला. दाराच्या फटीतून त्यांनी वास घेतला.

मग ते गुरगुरले. नऊ वर्षांत पंत मास्तरांवर एकदाही गुरगुरले नव्हते. खोल, घशातून, थांबायचं नाव नाही.

"पंत," मास्तर हाक मारायला गेले. हाक तोंडातच राहिली. खुर्चीला त्यांचा धक्का लागला आणि ती फरशीवर करकरली.

दाराबाहेर बायकोची बांगडी वाजली आणि थांबली. "अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत कोणीतरी आहे."

मास्तर दाराकडे धावले, कडीला हात घातला. अगं मी आहे, मी, एवढंच म्हणायचं होतं. पण हात तसाच राहिला, कारण बाहेरून उत्तर आलं, आणि ते त्यांना ऐकायचं होतं. आवाज त्यांचाच होता. फक्त त्यात खेकसणं नव्हतं.

"घाबरलीस होय? तू पंतांना धर आणि माझ्यामागे उभी राहा. मी बघतो."

आपल्या तोंडून तिनं असं काही कधी ऐकलं होतं का, हे मास्तर कडीवर हात ठेवून आठवत राहिले. तिच्या चपला बाहेर दोन पावलं मागे सरकल्या, पंतांचं गुरगुरणं थांबलं, आणि बाहेरून कुलपात किल्ली फिरली.